इतर देशांचा पेपर

सर मला आजही ब्राझील म्हणतात. फोन उचलला की पलीकडून "ब्राझील ना?" एवढंच येतं, आणि मीही न चुकता "हो सर" म्हणते. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझ्या नवऱ्याला हा काय प्रकार आहे ते समजत नव्हतं.

प्रकार असा. कोल्हापुरात आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सर आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकवायचे. पहिल्याच तासाला ते हजेरीपट घेऊन वर्गाला देश वाटून टाकायचे. एक नंबर अमेरिका, दोन नंबर ब्रिटन, तीन जपान. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत तुमचं नाव-आडनाव रद्द. "जर्मनी?" असं विचारलं की शिवाजी पेठेतला एक फुटबॉलवेडा गडी गुडघ्याची पट्टी सावरत "हजर" म्हणायचा. वर्गातली भांडणंसुद्धा देशांच्याच नावानं व्हायची. कॅनडा माझी वही परत देत नाही, अशी तक्रार मी स्वतः केलेली आहे. आपल्या देशात काय पिकतं, काय खपतं, कुणाशी वाकडं आहे, हे सर केव्हाही विचारणार. मी वर्षभर कॉफीच्या भावाच्या बातम्या शोधत वर्तमानपत्रं चाळली, आणि आमच्या घरात कॉफी कधी येत नव्हती.

आमच्या वर्षी मुलं जास्त होती. शेवटचा नंबर इचलकरंजीहून रोज एसटीनं येणाऱ्या आनंदाचा. त्याच्यापर्यंत येईतो सरांकडचे देश संपले. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, व्यापाराच्या प्रत्येक तक्त्यात शेवटी एक ओळ असते, ‘इतर देश’, तू ते. त्या दिवसापासून हजेरी "इतर?" आणि "हाय सर" यांनी संपायची.

सर बसत नसत. वर्गातल्या खुर्चीवर डस्टर ठेवलेलं असायचं. वर्गाला दोन दारं होती. सर बोलता बोलता पुढच्या दारानं व्हरांड्यात जायचे आणि मागच्या दारानं आत यायचे, वाक्य मात्र चालूच. पहिल्या बाकावरच्यांना कर्ता मिळायचा, शेवटच्या बाकावरच्यांना क्रियापद. तास संपल्यावर दोघांनी वह्या जुळवायच्या. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. माहेर निपाणीकडचं, बोलणं तुटक. ती म्हणायची, "ह्यांना खुर्ची चावत्या." लग्नाच्या पंगतीत सर पानावरून उठून आचाऱ्याकडे जायचे, तेलाचा डबा फिरवून फिरवून तो कुठल्या देशातून आला ते वाचायचे आणि परत येऊन शेजारच्याला सांगायचे. शेजारच्यानं तोवर जिलेबी संपवलेली असायची.

एवढी तगमग कशासाठी, तर सरांचा एका गोष्टीवर विश्वास होता आणि तो त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. दुसऱ्या महायुद्धाआधी प्रत्येक देशानं आपल्याभोवती कुंपण घातलं, शेजाऱ्याचा माल अडवला, शेजारी देशोधडीला लागला, आणि त्या चिडीतून आग भडकली. युद्धानंतर जगाला शहाणपण सुचलं. नियम झाले. एकाला सवलत दिली तर ती सगळ्यांना द्यायची, कर वाढवायचा तर मनाला येईल तसा नाही, भांडण झालं तर पंचांपुढं यायचं. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "वैर करायला सवड लागते," ते म्हणायचे, "आणि व्यापार माणसाला सवड ठेवत नाही." त्या वर्षांत आपला देशही दारं उघडत होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्या परदेशी माल पाठवायला लागल्या होत्या. सर आम्हाला सांगायचे, बँकेच्या परीक्षा देत बसू नका, निर्यातीची कागदपत्रं शिका, जग आता मागं फिरत नाही. मी शिकले. आज पंचवीसहून जास्त वर्षं मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत तेच काम करते. पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग पेट्यांत भरून जातात, आणि त्यांच्याबरोबर जाणारे कागद माझ्या हातून जातात.

आता त्या पेपरबद्दल सांगायला हवं.

दिवाळीआधीच्या चाचणीत सरांनी वीस मार्कांचा एकच मोठा प्रश्न घातला होता: युद्धोत्तर जागतिक आर्थिक व्यवस्थेचे भवितव्य. आम्ही सगळ्यांनी पानंच्या पानं लिहिली, कारण उत्तर सरांनीच वर्गात सांगितलं होतं. पेपर वाटायच्या दिवशी सर एक कागद हातात घेऊन दोन्ही दारांतून दोन फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, ब्राझील, तुझा आवाज स्वच्छ आहे, हे वाच. मी उभी राहून वाचलं. ते मला अजून पाठ आहे.

"ही व्यवस्था ज्याने बांधली त्याला ती जोवर परवडते तोवर चालेल. ज्या दिवशी परवडणार नाही त्या दिवशी तोच नियम मोडेल, आणि मोडताना म्हणेल की अन्याय माझ्यावरच झाला. बाकीच्यांनी तेव्हा काय करायचे ते पुस्तकात दिलेले नाही."

बस, एवढंच उत्तर. शेवटच्या वाक्याला वर्गात हशा पिकला. मीही हसले, आणि मी उभी असल्यानं माझं हसणं सगळ्यात जास्त दिसलं असणार. आनंदा मान खाली घालून बाकाच्या फळीवरची कोरलेली अक्षरं बघत होता. वीसपैकी दोन मार्क. एक शाईचा आणि एक धाडसाचा, असं सर म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. दिवाळीनंतर आनंदा कॉलेजात आला नाही. का आला नाही हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. हजेरी आता न्यूझीलंडवर संपत होती.

काही वर्षांनी माझी धाकटी बहीण त्याच कॉलेजात गेली. एकदा जेवताना ती म्हणाली, तुमच्या वर्गात तो एक ‘इतर’ होता ना गं, ज्यानं वेड्यासारखं उत्तर लिहिलं होतं? मग कळलं की सरांनी तो पेपर त्याला परत दिलाच नव्हता. उत्तर कसं लिहू नये याचा नमुना म्हणून ते दरवर्षी तो वाचून दाखवत होते. निवृत्त होईपर्यंत. म्हणजे दर वर्षी एक नवा वर्ग आनंदाला हसत होता, आणि त्याला त्याची खबरही नव्हती.

मग इतक्या वर्षांनी अमेरिकेनं भारताच्या मालावरचं आयात शुल्क एकाएकी चढवलं. पेपरात ती बातमी सगळ्यांनी वाचली, पण आमच्याकडे ती आली ती इंग्रजीतल्या दोन ओळींच्या ईमेलनं: तयार मालाची रवानगी पुढील सूचनेपर्यंत थांबवा. सोळा वर्षं आमच्याकडून माल घेणारं अमेरिकेतलं गिऱ्हाईक ते. पेट्या भरलेल्या, शिक्के मारलेले, कागद माझ्या टेबलावर तयार. त्या पेट्या आवारात तशाच राहिल्या. पंधरवड्यात भट्टीची एक पाळी बंद झाली. भट्टीवरची ओडिशाची पोरं गावी जायला बॅगा घेऊन गेटवर उभी राहिली. मालक चांगला माणूस, त्यानं कुणालाच ओरडून काही सांगितलं नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. मी रोज कामावर जात होते आणि दिवसभर एकही कागद करत नव्हते. घरी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मुलीची पुण्याची फी डोळ्यांपुढं होती. आणि खोटं कशाला बोलू, मला सरांचा राग येत होता. जग मागं फिरत नाही म्हणे.

त्याच आठवड्यात दुपारी गेटवरून फोन आला की एक म्हातारे गृहस्थ आलेत आणि ब्राझीलला बोलवा म्हणतायत. सर होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. ते थेट आवारात गेले आणि पेट्यांच्या रांगांमधून चालायला लागले. या टोकाला, त्या टोकाला. एका पेटीवर हात ठेवून त्यांनी बंदराचं नाव वाचलं. मग म्हणाले, "ही सगळी माझीच शिकवण ना?"

राग होता तरी मला हो म्हणवेना. मी म्हटलं, सर, शुल्क काही तुम्ही लावलं नाही.

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला. मी अक्षर ओळखलं. अक्कानं मला नंतर सांगितलं, गेले दहा-बारा दिवस ते माळ्यावरचे गठ्ठे उपसत होते आणि धड जेवत नव्हते. सर म्हणाले, "हा मुलगा मला शोधून दे. मला पेपर पुन्हा तपासायचाय."

शोधायला कष्ट पडले नाहीत. आमच्या वर्गातल्या कॅनडाचं आता वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. आनंदा इचलकरंजीतच होता, स्वतःचे माग चालवत होता. रविवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. सरांबरोबर एसटीचा प्रवास हे वेगळंच प्रकरण आहे. गाडी थांब्यावर जरा रेंगाळली की ते उतरून पुढं चालायला लागतात, आणि मग गाडी त्यांना वाटेत गाठते. हातकणंगल्याला त्यांनी तेच केलं. कंडक्टर मला म्हणाला, "बाई, पावणं तुमचंच का?" पुढच्या वळणावर सर हात दाखवून असे चढले, जणू ते तिथूनच निघाले होते. त्या दिवशी शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या बिस्किटांच्या पुड्यालाही त्यांनी हात लावून पाहिलं नाही, तेव्हा मला जाणवलं की ते घाबरलेत.

आनंदाची शेड गल्लीच्या आत होती. बारा माग एकदम चालू असले की तिथं माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ हललेले दिसतात फक्त. सर दारातून ओरडले, "इतर?" आनंदाला ते ऐकू गेलं नाही. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात मारून दाराकडे बोट केलं. केस पिकलेले, अंगावर सुताचा कोंडा. त्यानं बाहेर येऊन सरांच्या पायांना हात लावला. "सर, तुम्ही कशाला आलासा? निरोप धाडायचा की."

चहा येईपर्यंत सर गल्लीत फेऱ्या मारत होते. चहा आला तसा त्यांनी तो उभ्यानंच हातात घेतला आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो. वर्गात तुझं हसं केलं, आणि तुझ्यामागं पुढच्या कितीतरी वर्गांपुढं केलं, ते तुला ठाऊकसुद्धा नाही. मग कागद भिंतीला टेकवून लाल पेन काढलं. "अठरा देतो," ते म्हणाले. "वीस देत नाही, अक्षर वाईट आहे."

आनंदानं कागद हातात घेतला. स्वतःचंच लिहिलेलं त्यानं दोनदा वाचलं.

"सर, ह्ये मी अमेरिकेबद्दल लिवलंच न्हवतं," तो म्हणाला. "अमेरिकेचं मला काय ठावं? ह्ये माझा बाप ज्याचं कापड विणायचा त्या सूतवाल्या व्यापाऱ्याबद्दल हाय. सूत त्याचं, माप त्याचं, कापड पास-नापास करणार त्योच. नियमबी त्यानंच केल्यालं. आणि त्या साली त्यालाच परवडंना, तवा म्हणाला, तुम्हीच मला लुटलं. त्याच दिवाळीत आमच्या आबानं हातरूण धरलं. म्हणून कॉलेज सुटलं."

मी तेव्हा बोलले. म्हटलं, वाचलं मी होतं, आणि हसलेही होते. त्यासाठी आज आले.

"ब्राझील व्हय तुम्ही," तो म्हणाला. "हसल्याचा राग न्हाय. पण इसरलोबी न्हाय, खोटं कशाला सांगू?" एवढंच. त्यानं माफ केलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्यानं जे होतं ते सांगितलं.

सर पेन उघडंच धरून थांबले होते. आनंदानं कागदाची घडी घालून त्यांच्या हातात परत दिली.

"दोनच ऱ्हाऊद्यात, सर. तुम्ही म्हणताय समदं मोडलं. मला तसं न्हाय वाटत. सूतवाल्यानं हात काढला तवा आबाबी हेच म्हणत हुता, समदं मोडलं. पण आम्ही सात-आठ मागवाले एक झालो, दुसरीकडनं सूत आणलं, दुसरं गिऱ्हाईक बघितलं. आता ह्ये माग बघा, चीनमधनं जुनं आणल्यात. कापड कुठल्या कुठं जातंय. धंदा काय थांबला न्हाय, फकस्त नियम करणारा बदलला. मोडल्यावर काय करायचं त्ये मला तवा लिवायला आलं न्हाय. पेपर निम्माच हाय माझा. निम्म्याला अठरा कसं घेऊ?"

सरांनी पेनला टोपण लावलं. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, की पुढचा निम्मा कधी सांगशील. आनंदा म्हणाला, एकट्याला येणार नाही, आमच्या लोकांपुढं या. युद्धानंतर ते नियम कसे झाले, कुणी केले, ते तुम्ही सांगा. पुढचं मग बघू. माग बंद असतात त्या दिवशी सगळे मोकळे असतात.

परतताना सर अख्खा रस्ता पुटपुटत होते. वर्ग घ्यायचा तर कुठून सुरू करायचं याचं ते पुटपुटणं होतं, हे मी ओळखलं. मध्येच थांबून मला विचारायचे, "त्यांना चलन म्हणजे काय इथपासून सांगू का?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुरू. अक्का नंतर म्हणाली, त्या दिवशी पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मधल्या दिवसांत आमच्याकडे फारसं काही सुधारलं नाही. मालकानं दोन नव्या देशांत नमुने पाठवले. त्यांचे कागद नवे, नियम नवे. मी पुन्हा विद्यार्थ्यासारखी वाचत बसले. बंद पाळी बंदच राहिली. मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, बघू. आमचं अजून ‘बघू’वरच चाललंय.

ठरल्या दिवशी आनंदाच्या शेडमध्ये वीसेक माणसं जमली. मागांच्या मधल्या पट्ट्यात कुणी उकिडवं, कुणी कापडाच्या ताग्यावर. दोघं-तिघं बिहारचे होते, म्हणून सर मध्ये मध्ये हिंदीत शिरत होते. बंद मागांमधून येरझाऱ्या घालत त्यांनी गोष्ट सांगितली. युद्ध संपायच्या आधीच अमेरिकेत डोंगरातल्या एका मोठ्या हॉटेलात निरनिराळ्या देशांची माणसं जमली. तीन आठवडे बसली. कुठल्या देशाचा पैसा कशाला बांधायचा, कुणाला कर्ज कुणी द्यायचं, ते त्यांनी तिथं ठरवलं. ज्याच्याकडे सोनं जास्त होतं त्याचं जास्त ऐकलं गेलं. आपण सगळे त्यानंतर जन्मलो, आणि त्या हॉटेलात ठरलेल्या जगातच वाढलो. गोष्ट छान रंगली होती. शेडमध्ये इतकी शांतता होती की बाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं तेही ऐकू आलं.

मागच्या बाजूला कांड्या भरणारी एक बाई बसली होती. सूत गुंडाळून मागाला लावतात त्या कांड्या. पन्नाशीची असेल. तिनं हात वर वगैरे केला नाही, बसल्या जागेवरून विचारलं, "त्या हाटेलात आपलं कोण हुतं?"

सर म्हणाले, होते. आपल्याकडची माणसं गेली होती, पण राज्य इंग्रजांचं होतं. ती बोलली, चांगलं बोलली, पण त्यांचं फारसं काही चाललं नाही.

"आणि आता मोडलं म्हणतासा. मग परत बसत्याल की कुठंतरी. तवा आपलं कोण असंल? मागावरचं, भट्टीवरचं?"

सर चालता चालता थांबले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते. या विषयावर त्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी कधी हवेत सोडला नव्हता. ते त्या बाईकडे वळले आणि सरळ म्हणाले, "मला ठाऊक नाही."

कुणी हसलं नाही.

"मग इचारून या," बाई म्हणाली. "आमी हायच हितं."

सर म्हणाले, "बरं."